टर्बो मागवण्याआधी

गाडी ओढत नाही, घाटात दम टाकते, मागून काळा धूर मारते. एवढं सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, "टर्बो गेला." (टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबणारा पंखा.) हायवेला कुठल्याही टपरीवर विचारा, हेच उत्तर मिळेल. आणि हे नाही मिळालं तर दुसरं मिळेल, "ईजीआर ब्लॉक करून टाक, कटकटच नको." या दोन्ही उत्तरांचा मला मनापासून राग येतो. का येतो ते आज सविस्तर लिहितो. ज्यांची एकच गाडी आहे, तीही हप्त्यावर, आणि आंब्याच्या सीझनला ती आठवडाभर उभी राहिली तर वर्षाचं गणित कोसळतं, अशा मालकांसाठी हे लिहितोय.

माझं गॅरेज हातखंब्याजवळ. मुंबई-गोवा हायवे आणि रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणारा रस्ता इथे एकत्र येतात, त्यामुळे सगळ्या प्रकारच्या गाड्या दारात येतात. मिरकरवाडा बंदरातून मासळी भरलेल्या, चिरेखाणीतून चिरा भरलेल्या, मार्चपासून आंब्याच्या पेट्या भरलेल्या. पाली, नाणीज, साखरपा करत पुढे आंबा घाट चढायचा म्हणजे इंजिनाची परीक्षाच. सपाटीला जे दुखणं लपून राहतं, ते साखरप्याच्या पुढच्या चढावर बाहेर पडतं.

आधी ईजीआर म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण अर्धा गैरसमज तिथेच आहे. इंजिनातून जळून बाहेर पडणारा जो धूर, त्यातला थोडा भाग परत आत घ्यायचा, हे त्याचं काम. ऐकायला उलटं वाटतं. पण हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण सिलिंडरमधलं तापमान फार चढलं की तो ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नॉक्स हा घातक वायू तयार होतो. जळून गेलेल्या वायूत ऑक्सिजन कमी असतो. तो थोडा आत मिसळला की जळताना तापमान तितकं चढत नाही आणि नॉक्स कमी होतो. याची किंमत म्हणजे काजळी थोडी वाढते. देशभर बीएस ४ (गाडीच्या धुरावरचं सरकारी बंधन) लागू झालं १ एप्रिल २०१७ ला आणि बीएस ६ आलं १ एप्रिल २०२० ला. या काळात कुणी ईजीआर वापरला, कुणी एससीआर, म्हणजे धुराच्या वाटेत युरिया फवारून नॉक्स मारणारी यंत्रणा, आणि काही गाड्यांत आता दोन्ही आहेत. त्यामुळे तुमच्या गाडीत नेमकं काय आहे हे मालकाला माहीत असलंच पाहिजे.

आता मुद्द्याची गोष्ट. ट्रकच्या बहुतेक इंजिनांत ईजीआरचा धूर टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र येतो तिथून, उचलतात. म्हणजे टर्बो आणि ईजीआर दोघंही एकाच धुरावर चालतात. ईजीआरचा व्हॉल्व्ह नीट बंद झाला नाही, तर ज्या धुराने टर्बोचा पंखा फिरायचा तो आडवाटेने परत इंजिनात जातो. टर्बो ठणठणीत असूनही बूस्ट, म्हणजे हवेचा वाढीव दाब, बनत नाही. उलट, टर्बोकडून येणारी हवा वाटेत कुठे गळत असेल, तर सिलिंडरला हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं, काजळी वाढते, आणि ती काजळी ईजीआरमध्ये जाऊन बसते. मग व्हॉल्व्ह अडकतो. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर निघतं. म्हणून यातली एकच वस्तू उचलून बदलली की पैसे जातात आणि आजार तसाच राहतो.

गेल्या एप्रिलमध्ये मालवणकडची मासळीची गाडी आली होती. ड्रायव्हर उतरला तोच कंटाळलेला. "मेस्त्री, चढणीक ओढणा नाय. काळो धूर मारता." त्याला आधीच एका ठिकाणी सांगितलं होतं की टर्बो बदलायलाच लागेल. मालक फोनवर पैशांची जुळवाजुळव करत होता. नवा टर्बो म्हणजे त्याचे दोन-तीन हप्ते. मी त्याला म्हटलं, "दादा, आजचा दिवस थांबा. पैसे कुठे पळून जात नाहीत."

स्कॅनर लावला तर कोड पी ०२९९. आता हा कोड म्हणतो काय, तर असायला हवा तेवढा बूस्ट नाही. टर्बो खराब आहे असं तो कुठेच म्हणत नाही. कोड म्हणजे तक्रार आहे, निदान नव्हे. ते निदान आपल्यालाच करायचं असतं.

त्याआधी मी ड्रायव्हरला चार प्रश्न विचारतो. पिकअप अचानक गेला की हळूहळू? धुराचा रंग कोणता? रेस केल्यावर शिट्टीसारखा किंवा फस्स असा आवाज येतो का? रिकामी असतानाही होतं की लोडवरच? अचानक गेला आणि आवाज आला, तर बहुतेक होज पाइप निघालाय किंवा फाटलाय. हळूहळू गेला, तर कार्बन नाहीतर एअर फिल्टर. काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येतोय आणि कुलंट कमी होतंय, तर पाणी आत जातंय. रोज गाडीवर बसणाऱ्या माणसाला स्कॅनरपेक्षा जास्त माहीत असतं, फक्त त्याला कुणी विचारत नाही. या ड्रायव्हरने सांगितलं, आधी महिनाभर हळूहळू कमी होत गेलं आणि मग एका दिवशी एकदम जास्त. हे ऐकलं तेव्हाच मला वाटलं की दोन वेगवेगळी दुखणी आहेत.

इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन केली आणि मॅनिफोल्ड प्रेशरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा, सेन्सर काय दाखवतोय ते बघितलं. इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. आपण समुद्रसपाटीला, म्हणजे साधारण १०० किलोपास्कल. आंबा घाटाच्या माथ्यावर हाच आकडा सहा-सात कमी येईल. रत्नागिरीत उभ्या गाडीत ८० किंवा १२० दाखवत असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय, मग बाकी काही उघडायची गरज नाही. या एका मिनिटाच्या तपासणीला एक पैसा लागत नाही. या गाडीत सेन्सर बरोबर होता.

मग टर्बो. इंजिन थंड असताना सक्शनचा होज काढला आणि पंख्याच्या मधल्या नटावर दोन बोटं ठेवून शाफ्ट हलवून पाहिला. इथे पुष्कळ जण फसतात. शाफ्ट वर-खाली किंचित हलला की म्हणतात, प्ले आला, टर्बो गेला. अहो, हा शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. इंजिन बंद असताना ऑइलचा दाब नसतो, त्यामुळे आडवा थोडा प्ले लागणारच. बघायचं ते हे, की शाफ्ट एका बाजूला दाबून फिरवला तर पंख्याची पाती हाउसिंगला घासतात का? आणि आत-बाहेर ओढला तर हलतो का? तसा तो बोटाला जवळजवळ लागताच कामा नये. या टर्बोची पाती शाबूत होती, कडा धारदार, कुठे घासल्याची चकाकी नाही, ऑइलचं डबकं नाही. टर्बो निर्दोष.

गळती शोधायला माझ्याकडे लोखंडी चकतीला टायरचा व्हॉल्व्ह बसवून केलेलं एक टोपण आहे. ते सक्शनच्या तोंडाला बसवायचं, कॉम्प्रेसरने सावकाश १ बारपर्यंत हवा भरायची आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. त्याच्यावर दाब नेऊ नका, सील उलटण्याची भीती असते. इंटरकूलरकडून (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) इनटेक मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या होजच्या खालच्या अंगाला, बरोबर क्लिपच्या मागे, फेस यायला लागला. होज काढून हातात घेतला तर काही दिसेना. दोन्ही हातांनी पिळला तेव्हा माशाच्या कल्ल्यासारखी एक फट उघडली, सोडला की बंद. आतून ऑइलने रबर भिजून मऊ पडलं होतं. उभ्या गाडीत रेस करून ही फट कधीच सापडली नसती, ती फक्त लोडवर दाब आला की उघडणार.

होज बदलून निवळीच्या चढावर ट्रायल घेतली. सुधारणा होती, पण गाडी अजून मोकळी नव्हती. स्कॅनरवर बघितलं तर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ईजीआरला पूर्ण बंद हो म्हणतोय आणि व्हॉल्व्ह मात्र उघडाच. व्हॉल्व्ह उतरवला. आत डांबरासारखा काळा, चिकट थर, आणि सीटच्या (व्हॉल्व्हचं झाकण टेकतं त्या जागेच्या) कडेला तांदळाच्या दाण्याएवढा कार्बनचा एक घट्ट खडा अडकलेला. त्या खड्यामुळे झाकण टेकतच नव्हतं. एवढ्याशा खड्याने बाराशे पेट्या वाहणारी गाडी घाटात उभी केली होती.

हा कार्बन कुठून येतो? ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातला दाब सोडणाऱ्या नळीतून, येणारी ऑइलची वाफ आणि ईजीआरमधून येणारी काजळी एकत्र आली की डांबर तयार होतं. आणि मासळीच्या गाड्यांत ते जास्त का होतं, तर जेटीवर होड्या यायची वाट बघत इंजिन तासन्‌तास स्लोवर चालू ठेवतात. स्लोवर धूर थंड, ज्वलन अपुरं, काजळी भरपूर. बीएस ६ गाडीत तर याने डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी धरणारा फिल्टर, तोही भरतो. थांबायचंच असेल तर इंजिन बंद करा, इतकंच सांगेन.

साफ करताना स्क्रूड्रायव्हरने सीट खरवडू नका. सीटला ओरखडा गेला की झाकण तिच्यावर पुन्हा कधीच नीट बसत नाही. कार्बन क्लीनर मारून थोडा वेळ मुरू द्या, लाकडी काडी आणि नायलॉनचा ब्रश वापरा, आणि व्हॉल्व्हची मोटर असलेली बाजू केमिकलमध्ये बुडवू नका. परत बसवताना नवं पॅकिंग घाला, आणि स्कॅनरने व्हॉल्व्हची बंद-उघडी जागा ईसीएमला पुन्हा शिकवायला लागत असेल तर ते करूनच गाडी सोडा. ती गाडी त्याच संध्याकाळी बर्फ भरायला गेली. टर्बो जुनाच आहे आणि अजून चालतोय.

चिऱ्याच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. तिथे लाल धूळ. एअर फिल्टर चोंदला की टर्बो जोर लावून हवा ओढतो, सक्शनच्या बाजूला ओढ तयार होते आणि सीलमधून ऑइल हवेत खेचलं जातं. मालक बघतो, इंटरकूलरच्या पाइपात ऑइल, आणि म्हणतो टर्बो ऑइल फेकतोय. फेकतोय खरा, पण दोष फिल्टरचा. तसंच टर्बोमधून ऑइल खाली जाणारा ड्रेन पाइप कुठे चेपला असेल, कार्बनने भरला असेल, किंवा इंजिनाचा ब्रीदर चोंदून इंजिनाच्या पोटात (क्रँककेसमध्ये) दाब वाढला असेल, तरी ऑइलला खाली जायला वाट राहत नाही आणि ते सीलमधून बाहेर येतं. या तीन गोष्टी न बघता नवा टर्बो बसवलात तर तोही ऑइल फेकणार. आणि फिल्टर कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने झाडू नका. कागदाला टाचणीएवढी भोकं पडतात आणि तीच लाल माती टर्बोच्या पात्यांच्या कडा खाऊन टाकते. फिल्टरच्या आत बल्ब धरा. उजेडाचा ठिपका दिसला की फिल्टर टाकून द्या.

कधी कधी टर्बो खरंच गेलेला असतो. पाती तुटलेली, शाफ्ट मोडलेला. अशा वेळीही तो का गेला ते शोधल्याशिवाय नवा बसवणं हा गुन्हा आहे असं मी मानतो. बहुतेक वेळा कारण ऑइलचं असतं. ऑइल वेळेवर बदललेलं नसतं, किंवा ऑइल आणणाऱ्या बारीक पाइपात कार्बन धरलेला असतो. तो पाइप फुंकर मारून बघायचा नाही, बदलायचा. त्याच्या जोडाला सिलिकॉन लावायचं नाही, कारण त्याचा एक तुकडा आत गेला तरी ऑइलची वाट बंद. इंटरकूलर उतरवून आतलं ऑइल आणि तुटलेल्या पात्यांचा चुरा काढायचा. हे टाळलं आणि साठलेलं ऑइल इंजिनाने ओढलं, तर इंजिन त्या ऑइलवरच धावत सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. शेवटी, सुरू करण्याआधी टर्बोच्या ऑइलच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतायचं, हाताने पंखा फिरवायचा आणि इंजिन स्टार्ट न होऊ देता थोडं क्रँक करून ऑइलचा दाब आणायचा. कोरडा टर्बो सुरुवातीच्या काही सेकंदांतच मरतो. गाडी सोडताना जुना टर्बो मालकाच्या हातात द्यावा. मालकांनीही तो मागून घ्यावा आणि काय तुटलंय ते विचारावं.

ईजीआर कूलरबद्दल थोडं. ईजीआरचा धूर पाचशे-सहाशे अंशांनी तापलेला असतो, तो या कूलरमधल्या बारीक नळ्यांतून जाताना कुलंटने थंड होतो. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी पुष्कळ ठिकाणी मचूळ असतं. रेडिएटरमध्ये कुलंटऐवजी हे पाणी घालायची सवय मी अजूनही बघतो. क्षारांनी आणि गंजाने नळ्या आतून खाल्ल्या जातात, एक दिवस चीर पडते, आणि कुलंट धुराच्या वाटेत उतरतं. बाहेर थेंब नाही, पण पाणी कमी होतंय, कुलंटच्या टाकीत बुडबुडे, पांढरा धूर. लोक हेड पॅकिंग गेलं म्हणून हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवतात. आधी कूलर उतरवा, एका बाजूने बंद करा, पाण्यात बुडवून हवा भरा. बुडबुडे आले तर हेडला हात लावू नका. कंपनीचं कुलंट घाला, मिसळायला लागलं तर डिस्टिल्ड वॉटर.

खाऱ्या हवेने कपलरच्या (वायरींच्या जोडाच्या) पिना हिरव्या पडतात, मासळीच्या गाडीत तर वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी थेट चॅसीवर गळतं. ईजीआरचा कोड आला की व्हॉल्व्ह मागवण्याआधी कपलर काढून पिना बघा. वेस्टगेटचा, म्हणजे जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचा, रॉड गंजून जाम झाला असेल तर तेही बघा.

आता ब्लॉक करण्याबद्दल. ईजीआरच्या वाटेत पत्र्याची चकती घालायची आणि सॉफ्टवेअरने कोड दाबून टाकायचा, हा धंदा जोरात आहे. गाडी हलकी वाटते, पीयूसीलाही पास होते, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. पण डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणाच मोजतात, नॉक्स मोजतच नाहीत. दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे. तो नॉक्स आपल्याच बाजारपेठेत, आपल्याच जेटीवर, शाळेच्या वाटेवर राहतो. दम्याच्या माणसाला त्याने किती त्रास होतो ते घरात एखादा पेशंट असल्याशिवाय कळत नाही. आमच्या घरात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत असा फेरफार करता येत नाही. आणि ज्या गाडीत एससीआरही आहे तिथे नॉक्स वाढला की युरिया जास्त लागतो, सेन्सर ओळखतो, आणि ईसीएम गाडीची ताकद काढून घेतो. सगळ्यात वाईट म्हणजे ज्या फाटक्या होजमुळे काजळी झाली, तो होज तसाच फाटका राहतो. माझ्या गॅरेजला हे काम होत नाही. कुणी कितीही पैसे देऊ केले तरी नाही.

ड्रायव्हर भावांना दोन गोष्टी. घाट चढून माथ्यावर चहाला थांबलात तर लगेच चावी फिरवू नका. दोन-तीन मिनिटं स्लोवर चालू द्या. भर चढावर टर्बोची धुराकडची बाजू लालभडक तापलेली असते, इंजिन एकदम बंद झालं की तिथलं ऑइल जागीच जळून कार्बन होतं. आणि सकाळी पहिल्या स्टार्टला लगेच रेस मारू नका, ऑइल टर्बोपर्यंत पोचू द्या. जेटीवर तासन्‌तास स्लोवर ठेवायचं नाही असं वर म्हटलं, आणि इथे दोन मिनिटं ठेवा म्हणतोय, यात विरोध नाही. तापलेला टर्बो थंड व्हायला दोन-तीन मिनिटं पुरतात.

१ जूनला मासेमारी बंदी लागली की मासळीच्या बऱ्याच गाड्या उभ्या राहतात. ईजीआर उतरवून साफ करायला, होज पिळून बघायला, कपलर साफ करायला याच्यासारखा वेळ नाही, आणि आमच्याकडेही तेव्हा गर्दी कमी असते. गाडी उभी असताना बॅटरीसाठी म्हणून रोज पाच मिनिटं स्लोवर चालू करून ठेवू नका. त्याने काजळीच वाढते. आठवड्यातून एकदा हायवेला दहा-पंधरा किलोमीटर नेऊन आणा, इंजिन पूर्ण तापेपर्यंत.